पेरियारच्या पायवाटेने

प्रस्तावना

वन्यप्राणी पाहायला जायचे म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर उघडी जीप येते. ताडोबा असो, कान्हा असो वा रणथंबोर. पर्यटकाने गाडीत बसायचे, खाली उतरायचे नाही, असा तेथील नियम. तो योग्यही आहे. परंतु आपल्या देशात अशीही काही मोजकी अरण्ये आहेत, जेथे वाटाड्याच्या मागोमाग पायी चालत जाऊन वन्यजीवन पाहता येते. केरळमधील पेरियार हे त्यांपैकी एक. तेथे काय दिसते याइतकेच, तेथे आपल्याला वाट कोण दाखवते हेही जाणून घेण्यासारखे आहे. प्रस्तुत पाठ वाचताना वाटाड्यांचे ज्ञान कोठून आले, या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या.

मूळ पाठ

केरळ आणि तमिळनाडू यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील डोंगररांगांत पेरियारचे अरण्य पसरले आहे. त्याच्या मधोमध एक वेडावाकडा जलाशय आहे. तो निसर्गनिर्मित नव्हे. पेरियार नदीवर बांधलेले मुल्लपेरियार धरण 1895 साली पूर्ण झाले आणि नदीकाठचे जंगल पाण्याखाली गेले. त्या बुडालेल्या वृक्षांचे काळे, निष्पर्ण बुंधे सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही पाण्यातून वर डोकावतात. त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून ऊन खात बसलेले असतात. 1950 साली येथे अभयारण्य झाले. 1978 साली व्याघ्र प्रकल्पात त्याचा समावेश झाला आणि 1982 साली त्याच्या गाभ्याच्या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला. आज या व्याघ्र प्रकल्पाचे एकूण क्षेत्र 925 चौरस किलोमीटर आहे.

थेक्कडी हे या अरण्याचे पर्यटकांसाठी असलेले प्रवेशद्वार. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण जलाशयात नौकेतून फेरी मारतात, काठावर आलेले हत्ती दिसले तर त्यांची छायाचित्रे काढतात आणि परततात. पायी जाणारे थोडे. या पाठाचा विषय मात्र तेच थोडे लोक आहेत.

पायी फेरीची सुरुवात सकाळी लवकर होते. पाहुण्यांना गुडघ्यापर्यंत येणारे जाड कापडी मोजे दिले जातात, ते जळवांपासून संरक्षण व्हावे म्हणून. पावसाळ्यानंतर पालापाचोळ्यातून चालताना या चिमुकल्या जळवा पायांवर केव्हा चढतात, ते कळतही नाही. त्यांचा दंश दुखत नाही. पण रक्त बराच वेळ थांबत नाही. नवखा माणूस अरण्यात वाघाला भितो आणि प्रत्यक्षात त्रास सोसतो तो जळवांचा! भडक रंगाचे कपडे नकोत, अत्तर नको, मोठ्याने बोलणे नको, एवढ्या सूचना झाल्या, की बांबूच्या तराफ्यावरून जलाशयाचा एखादा फाटा ओलांडून माणसे पलीकडच्या झाडीत शिरतात.

पहिला अर्धा तास बहुधा निराशेचा जातो. काहीच दिसत नाही. सदाहरित वनात झाडी इतकी दाट असते, की वीस पावलांवर उभा असलेला गवासुद्धा दृष्टीस पडत नाही. मग वाटाड्या एका जागी थांबतो आणि जमिनीकडे बोट दाखवतो. तेथे ओल्या मातीत एक मोठा गोलाकार ठसा असतो. हत्तीच्या पुढच्या पायाचा हा ठसा. त्याच्या परिघाची दुप्पट केली, की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची जवळपास बरोबर निघते. म्हणजे दोरीचा एक तुकडा जवळ असला, तर न पाहिलेल्या हत्तीची उंची सांगता येते. शेजारी लीद पडलेली असते. ती ओलसर आणि उबदार असेल, तर कळप दूर गेलेला नाही. वाटाड्या मग चिमूटभर कोरडी माती हवेत सोडतो आणि वारा कोणीकडून वाहतो ते पाहतो. हत्तीची दृष्टी फारशी तीक्ष्ण नसते, परंतु त्याचे घ्राणेंद्रिय अतिशय तीव्र असते. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल, तर वाट बदलायची, यावर चर्चा होत नाही.

पुढे एखाद्या पायवाटेच्या कडेला वाघाचा माग लागतो. चार बोटे, मागे रुंद तळवा आणि नखांची खूण नाही. वाघ चालताना नखे आत ओढून घेतो; रानकुत्र्याच्या पावलात मात्र ती स्पष्ट उमटतात. पूर्वी अशा ठशांवरून देशभरातील वाघ मोजले जात असत. त्या पद्धतीत चुका फार होत असल्याने 2006 सालच्या गणनेपासून ती सोडून देण्यात आली आणि आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखले जातात. कारण कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. तरीही हा वाघ पहाटेच्या दवानंतर गेला की आधी, याचे उत्तर आजही जमीनच देते.

हळूहळू कानही उघडतात. वर कोठेतरी 'सूं सूं' असा मोठा आवाज घुमतो. आगगाडीचे इंजिन धापा टाकत यावे तसा. तो महाधनेशाच्या पंखांचा आवाज. फांद्यांमधून तांबूस-काळी, झुपकेदार शेपटीची मोठी खार झेप घेते. हीच आपली शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकरच्या जंगलात ती पाहिलेल्या वाचकाला परप्रांतात ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. काळ्या अंगाचे आणि पिंगट डोक्याचे निलगिरी वानर खोल घशातून आवाज काढते. त्याच आवाजाची लय अचानक तुटली, किंवा दूरवर सांबराने एकच कर्कश हाक दिली, तर वाटाड्या हात वर करतो आणि सारी रांग जागच्या जागी थांबते.

पाठगत प्रश्न : (अ) हत्ती न पाहता त्याची उंची कशी काढता येते? (आ) वाटाड्या हवेत माती का सोडतो?

आता या वाटाड्यांविषयी.

पेरियारच्या अरण्यात 'वयणा' नावाची झाडे आहेत. दालचिनीच्या कुळातील ही रानटी जात. तिची सुगंधी साल बाजारात विकली जाते. साल खोडाभोवती सर्व बाजूंनी सोलली, की पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे नेणारा मार्गच तुटतो आणि झाड उभ्याउभ्या वाळते. एका ओझ्यासाठी कित्येक झाडांचा बळी जात असे. कुमिळी परिसरातील काही माणसे हा धंदा वर्षानुवर्षे करीत होती. ती दिवसेंदिवस अरण्यात राहत, रात्री मोळ्या डोक्यावर घेऊन चोरवाटांनी बाहेर पडत, वनरक्षकांना चुकवीत. कधी पकडली जात, खटले चालत, सुटून आल्यावर पुन्हा जंगलात जात. खऱ्या नफ्याचा मोठा वाटा व्यापारी आणि मध्यस्थ यांच्याकडे राही. जोखीम मात्र यांच्या डोक्यावर.

सालचोरांखेरीज दुसरेही लोक येत. ते हस्तिदंतासाठी बंदुका घेऊन येत. आशियाई हत्तींत लांब सुळे फक्त नरांना असतात, आणि तेही सर्व नरांना नव्हे. त्यामुळे शिकारी वेचून वेचून नरच मारीत. त्याचा परिणाम असा झाला, की 1980च्या दशकाच्या अखेरीस पेरियारमध्ये एका प्रौढ नरामागे शंभराच्या आसपास प्रौढ माद्या, असे विपरीत प्रमाण अभ्यासकांना आढळले. कळपांत पिलांची संख्या रोडावली. बाहेरून पाहणाऱ्याला हत्ती भरपूर दिसत होते. अरण्य मात्र आतून पोखरले गेले होते.

पहारा वाढवूनही हे थांबेना. अखेर 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात एक वेगळी वाट चोखाळण्यात आली. जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या साहाय्याने देशातील सात संरक्षित क्षेत्रांत परिस्थितिकी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यांत पेरियार होते. अरण्याच्या कडेला राहणाऱ्यांना दूर लोटून अरण्य राखता येत नाही, त्यांच्या पोटाची सोय आधी झाली पाहिजे, हा त्यामागील विचार. वाचायला हा विचार सोपा वाटतो. प्रत्यक्षात वनाधिकाऱ्यांना ज्यांचा पाठलाग करण्यात उमेद घालवली, त्यांच्याच शेजारी बसून बोलावे लागले. आणि त्या माणसांनाही आयुष्यभर ज्या खाकी कपड्यांपासून पळ काढला, त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागला. दोन्हींपैकी कोणते अधिक कठीण होते, हे सांगणे अवघड आहे.

वयणाची साल चोरणाऱ्या वीसहून अधिक जणांची एक समिती स्थापन झाली. चोरी सोडायची, अरण्याची गस्त घालायची आणि पर्यटकांना पायी फिरवून उत्पन्न मिळवायचे, असे ठरले. पर्यटकांसाठी एक-दोन रात्रींच्या मुक्कामाची पदयात्रा आखण्यात आली. तिच्यात एका वेळी पाच-सहा पाहुणे, जवळजवळ तितकेच वाटाडे आणि एक सशस्त्र वनरक्षक असतात. तंबू, शिधा, भांडी हे सारे वाटाडेच वाहून नेतात, स्वयंपाकही तेच करतात. पाहुण्याला ही सहल वाटते. पण याच वेळी त्या भागाची गस्तही होत असते. कोठे फासा लावलेला नाही ना, कोठे परक्या माणसाची चूल विझलेली नाही ना, ताज्या कुऱ्हाडीचा घाव दिसत नाही ना, हे वाटाड्यांचे डोळे टिपत जातात. चोर कोणत्या खिंडीतून येईल आणि ओझे कोठे लपवील, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही! या जुन्या माहितीच्या आधारे इतर टोळ्यांनाही पकडता आले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पेरियारचे सगळेच वाटाडे पूर्वाश्रमीचे चोर नाहीत. दिवसाच्या लहान फेऱ्यांत पुष्कळदा मन्नान आणि पळियन या आदिवासी जमातींचे तरुण सोबत असतात. या जमाती मूळच्या या अरण्यातील. जलाशयात मासेमारी करणारे आणि डोंगरउतारावर काळी मिरी पिकवणारे हे लोक व्यापाऱ्यांच्या कर्जात असे बुडाले होते, की वेलीवरची मिरी पिकण्यापूर्वीच गहाण पडे. प्रकल्पातून ती कर्जे फेडण्यात आली आणि पीक एकत्रितपणे, योग्य दराने विकण्याची व्यवस्था झाली. पदयात्रेइतकी ही गोष्ट आकर्षक नाही. वर्तमानपत्रांतही तिचे छायाचित्र कमी वेळा छापून येते. पण पेरियारमध्ये जे बदलले, त्यात माझ्या मते हिचा वाटा मोठा आहे. आणि 2002 साली आणखी एक घटना घडली. अरण्यालगतच्या वस्त्यांतील सुमारे शंभर स्त्रियांनी 'वसंतसेना' नावाचा गट उभारला. त्या आपापसांत पाळ्या लावून लहान तुकड्यांनी रोज जंगलात गस्त घालू लागल्या. या गस्तीचे त्यांना वेतन नव्हते.

प्रकल्पाचा निधी 2004 साली संपला. बाहेरचा पैसा थांबला, की काम थांबते, असा आपल्याकडील अनेक योजनांचा अनुभव. पेरियारमध्ये त्याच वर्षी केरळ शासनाने 'पेरियार फाउंडेशन' ही संस्था स्थापन केली आणि पर्यटकांच्या प्रवेशशुल्काबरोबर घेतला जाणारा अधिभार तिच्याकडे वळवण्यात आला. त्यामुळे काम चालू राहिले. तथापि या व्यवस्थेतील कच्चा दुवाही दृष्टिआड करता येत नाही. सारे पाहुण्यांवर अवलंबून. ऑगस्ट 2018 मध्ये केरळात महापूर आला, 2020 साली महामारीमुळे देशभरातील राष्ट्रीय उद्याने बंद झाली; अशा वेळी पायवाटेवर पाहुणा येत नाही, पण जंगलाची राखण तर करावीच लागते.

पदयात्रेच्या शेवटी काही पाहुणे विचारतात, "वाघ का नाही दिसला?" या अरण्यात तो क्वचितच दिसतो. दाट झाडीत तो माणसाला आधी पाहतो आणि बाजूला होतो. ज्यांनी अर्धे आयुष्य येथे काढले, त्या वाटाड्यांनीही तो मोजक्याच वेळा पाहिलेला असतो. ते हसतात आणि पाहुण्यांना आल्या वाटेवर थोडे मागे नेतात. मघाशी आपण जेथे बसून न्याहारी केली, त्या जागेजवळच्या ओल्या मातीत, आपल्याच बुटांच्या ठशावर, एक नवा ठसा उमटलेला असतो. चार बोटे, रुंद तळवा, नखे नाहीत.

स्वाध्याय

1. 'बाहेरून पाहणाऱ्याला हत्ती भरपूर दिसत होते. अरण्य मात्र आतून पोखरले गेले होते.' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

2. वनाधिकारी आणि सालचोर या दोघांनाही कोणती गोष्ट अवघड गेली असावी? त्यांच्यातील पहिल्या भेटीचा संवाद आठ-दहा वाक्यांत लिहा.

3. पर्यटकांच्या पैशावर अरण्याची राखण अवलंबून असणे योग्य आहे का? आपले मत कारणांसह मांडा.

4. पुढील शब्दप्रयोगांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : माग काढणे, दृष्टिआड करणे, वाट चोखाळणे, पाठलाग करणे.

उपक्रम : शाळेत फारसे न गेलेली, पण शेती, मासेमारी, विणकाम, गवंडीकाम यांसारख्या एखाद्या विषयात जाणकार असलेली व्यक्ती आपल्या परिसरात शोधा. तिला ते ज्ञान कसे मिळाले, हे विचारा आणि तिच्याच शब्दांत दहा ओळी लिहून काढा.