वसंतात पेरायचं नाही, तर काय करायचं?

मुलाला घरीच शिकवायचं ठरलं, की सुरुवातीला आपण पुस्तकं फार घेतो. त्यातली बरीचशी परदेशी. त्यांतल्या वसंतात बर्फ वितळतो, माती ओली होते, मूल रबरी बूट घालून बी पेरतं आणि पान उलटलं की रोप वर आलेलं असतं. ते बघून फाल्गुनात आपणही हौसेने वाफे करायला घेतो. आणि आमच्या पोलादपूरकडे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, तेव्हा काय चाललेलं असतं? विहिरीचं पाणी खाली गेलेलं, माती टणक, डोंगर पिवळे. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतात, "आत्ता कसली गं पेरणी? पोरीला कशाला नादी लावतेस?"

काकूंचं बरोबर आहे. आपल्याकडे पेरणी पावसावर. हा ऋतू गोळा करण्याचा, सुकवण्याचा, बी राखण्याचा आणि पावसाळ्यात लावलेलं जगवण्याचा. आणि खरं सांगू का, लहान मुलाला त्यात पेरणीपेक्षा जास्त काम आहे. पेरणी एका सकाळची. जगवणं मात्र रोजचं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला निसर्ग "दाखवत" फिरण्यापेक्षा त्याला रोजच्या कामाला घ्या, एवढंच मला सांगायचं आहे.

वालापासूनच सुरुवात करा. भात कापल्यावर खाचरातल्या उरल्यासुरल्या ओलीवर टाकलेले कडवे वाल शिमग्याच्या सुमाराला घरात येतात. अंगणात वाळलेल्या शेंगांचा ढीग असतो. मुलाला त्यात बसवलं की ते आपणहून सोलायला लागतं. दाणे डब्यात भरताना किडके वेगळे काढायचे, म्हणजे बारीक भोक शोधायचं. डोळ्याला आणि बोटांना दुसरा अभ्यास नको. मग एके दिवशी बिरड्याचा घाट. रात्री वाल भिजत घालायचे, सकाळी फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे. सोलताना दाणा बोटांतून सटकतो, स्वयंपाकघरभर उडतो, आणि हसू आवरत नाही. सालाच्या आत दोन डाळिंब्या, त्यांच्यामध्ये चिकटलेला तो एवढासा कोंब. मुलाने विचारलं तर सांगायचं, की हा कोंब म्हणजे उद्याचा वेल आणि या दोन डाळिंब्या म्हणजे त्याची शिदोरी. नाही विचारलं तर गप्प बसायचं. हे गप्प बसणं आपल्याला फार अवघड जातं. घरी शिकवणाऱ्या आईबापांच्या डोक्यात एक अदृश्य तपासनीस बसलेला असतो. त्याला दाखवायला म्हणून आपण प्रत्येक डाळिंबीचा पाठ करतो. बिरडं खायला घाला. पाठ पोटात जातो.

आता पाण्याकडे येऊ. झाड लावतानाचे फोटो जून-जुलैत निघतात. ते झाड मरतं मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा फोटो काढायला कोणी नसतं. गेल्या पावसात कोयीपासून केलेलं आंब्याचं रोप, एखादा फणस, एखादा रातांबा, यातलं एक झाड मुलाच्या नावावर करा आणि त्याचा पहिला उन्हाळा मुलाकडून काढून घ्या. आळं करायचं, त्यात पेंढा किंवा पालापाचोळा पसरायचा, बुंध्याशी तळाला बारीक भोक पाडून चिंधीची वात घातलेलं जुनं मडकं पुरायचं आणि ते भरायचं. मडकं संध्याकाळी भरलं तर सकाळी किती उतरलं, हे मूल स्वतःच काडीने मोजायला लागतं. आमच्या लेकीने काडीला खुणा केल्या आणि एका सकाळी रागाने आली, "आई, आज जास्त प्यायलं ते!" आदल्या दिवशी वारा सुटला होता. वाऱ्याचा आणि पाण्याचा संबंध तिचा तिनेच लावला. अंघोळीचं पाणीही याच कामाला. साबण कमी लावला तर झाडाला बरं, हे कळल्यापासून मात्र साबणाशी तिने वैरच धरलं आहे, ते वेगळं.

पाणी वाहून नेणारं मूल एक प्रश्न विचारणारच: इथे एवढा पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठे? हा प्रश्न मोठ्या माणसांनीही विचारण्यासारखा आहे. पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, वर महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे; आणि मे महिन्यात आमच्या डोंगरातल्या वाड्यांना टँकर. काळा कातळ, उभे उतार, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरायच्या आत सावित्रीत उतरतं आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळतं. हे समजवायला नकाशा नको. अंगणात मातीचा उतार करा, एका बाजूला गवताची ढेकळं लावा, दुसरी बाजू मोकळी ठेवा, दोन्हीवर तांब्याभर पाणी ओता. कुठलं पाणी गढूळ आणि कुठलं लवकर खाली येतं ते मूल बघेल. २०२१च्या जुलैत आपल्या डोंगरांवरून ज्या दरडी आल्या, त्यांचे ओरखडे घाटातून जाताना अजून दिसतात. मुलं त्याबद्दलही विचारतात. त्यांना खरं सांगावं, पण त्यांना झेपेल एवढंच.

आणि मार्च महिना आहे, तर महाडला चवदार तळ्यावर न्या. २० मार्चला तिथे माणसांचा पूर येतो. आपल्या हाताने कळशी उचलणाऱ्या मुलाला, १९२७ साली बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं केवळ ओंजळभर पाणी प्यायला इथवर चालत आली हे सांगितलं, तर ते इतिहासाचा धडा म्हणून ऐकत नाही. "तळं सगळ्यांचं असा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता, तरी पिऊ देत नव्हते?" असं चिडून विचारतं. विचारू दे. उत्तर गुळगुळीत करू नका.

फिरायला जाऊ नये असं मी म्हणत नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरची एसटी पकडा आणि खिडकी मुलाला द्या. चाळीसेक किलोमीटरच्या घाटात झाडांची वस्ती बदलत जाते. खाली पळस, पांगारा, काटेसावर, पानं गाळून फुललेले. मध्येच एखादं झाड लालभडक दिसतं आणि सगळे म्हणतात, काय फुललंय बघा. तो असतो कोशिंब, आणि ती फुलं नसून कोवळी पालवी असते. पाहुण्यांना ही चूक दाखवून देण्यात मुलांना केवढा आनंद! वर गेलं की अंजनी, जांभूळ, पिसा यांचं सदाहरित रान. अंजनी फुलली असेल तर फांद्यांनाच निळं-जांभळं पीस लागलेलं दिसतं. पण अशी फेरी वर्षातून एखादी पुरे. रोजचं फिरणं घराजवळच्या एकाच सावरीपर्यंत ठेवा. माघात तिच्या फुलांवर मैना-बुलबुलांची झुंबड, फाल्गुनात खाली पडलेल्या जाड पाकळ्या गुरं चघळतात, चैत्रात बोंडं, आणि मग ती उकलली की कापूस वाऱ्यावर. तेच झाड पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय यातलं काही दिसत नाही. दुपारी तांबट टुक टुक करत असतो. तो दिसत नाही म्हणून मूल हट्टाला पेटलं, तर तेवढा वेळ तुम्हाला चहाला मिळाला असं समजा.

आता जरा कडक बोलते. निसर्ग म्हणजे सगळं गोड, असं मुलाला शिकवू नका. याच दिवसांत खाजकुइलीच्या शेंगा वाळून त्यांची लव वाऱ्यावर उडते. काजूचे बोंडू गोळा करताना मुलं बी दाताने फोडायला बघतात. त्या टरफलातल्या तेलाने ओठ भाजतात. वाफ्याच्या कडेचा दगड हलवला की खाली विंचू असू शकतो, आणि कोकणातला लाल विंचू ही थट्टा नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली आपल्या महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचूदंशाने माणसं, त्यातही लहान मुलं, दगावत होती. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध त्यावर चालतं हे त्यांनी इथल्या रुग्णांवर उपचार करताना दाखवलं, ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून नियम साधे: बागेत पायात बूट, हातात काठी, पालापाचोळ्यात हात घालायचा नाही. दगड उचलायचाच तर पलीकडची कड वर करून आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खाली जे असेल ते आपल्यापासून दूर पळेल. आणि विंचू चावलाच तर मंत्र-उतारा नाही, थेट दवाखाना. हे नियम मुलं आपल्यापेक्षा काटेकोर पाळतात. आमच्याकडे बूट न घालता परड्यात गेलेल्या आजीला नात परत पाठवते.

वणव्याचंही तसंच. संध्याकाळी समोरच्या डोंगरावर आगीची माळ दिसते आणि मूल आधी म्हणतं, "किती छान!" मग वास येतो. जाळल्याने गवत चांगलं येतं या समजुतीने लावलेली आग, किंवा शेतात राब भाजताना हाताबाहेर गेलेली. राब भाजणं ही आपल्या शेतीची रीत आहे. पालापाचोळा, शेण आणि गवत जाळून त्या जागी भाताची रोपं करतात, आणि विस्तव विझेपर्यंत जाणता माणूस तिथून हलत नाही. वणव्याजवळ मात्र कोणीच नसतं. हा फरक मुलाला दाखवा. आपल्या कलमांभोवतीचं गवत काढून जाळरेषा आखायच्या कामात त्याला खराट्यासकट घ्या. जळून गेलेल्या उतारावर दुसऱ्या दिवशी नेऊ का, असं मला एकीने विचारलं. मी माझ्या लेकीला नेलं. करवंदाच्या जाळीत अर्धवट जळालेलं घरटं होतं. ती रडली, मी समजूत घातली नाही, दोघी घरी आलो.

हे सगळं करताना शाळा बुडते का, असं माहेरचे विचारतात, सासरचे विचारतात, एसटीतले अनोळखीही विचारतात. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे आणि सहा ते चौदा वयाचा आहे. घरी शिकवणाऱ्यांनी तो वाचलेला असावा. राज्याच्या मुक्त विद्यालयाची पाचवी आणि आठवीची सोय आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही आहे. कागदपत्रं वेळेवर करा आणि मग डोक्यातून काढून टाका. हे खूळ परदेशातून आलं असं कोणी म्हणालं, तर कोसबाडचं नाव घ्या. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा म्हणतात ती हीच. पानं, बिया, खडे हेच त्यांचं साहित्य. त्यांच्यापुढे आपला परड्यातला उद्योग म्हणजे फार काही नाही, आणि तो तसाच लहान ठेवला तर बरा चालतो.

तर पेरायचं नाही म्हणजे अगदीच काही नाही का? मूल फारच मागे लागलं तर लाल माठ टाका. बी खसखशीएवढं, म्हणून राखेत मिसळून टाकायचं; चार-पाच दिवसांत वर येतो, महिन्याभरात ताटात. मुंग्या बी पळवतात, बुलबुल कोवळी पानं तोडतात, हेही होऊ दे.

खरी मजा बियांची. आढ्याला धुरावर टांगलेला दोडका खाली काढायचा, कानाशी हलवून बघायचा, वाजला की टोक मोडून बी ओतायचं. भेंडी, पडवळ, काकडी, चवळी, सगळं राखेत घोळून पुड्यांत. पुडीवर नाव मुलाने लिहायचं. आमच्याकडे "दोढका" आणि "पडवल" आहेत. मी दुरुस्त केलेले नाहीत, मृगापर्यंत तिलाच कळेल. दोडक्याचं बी काकूंनी दिलेलं आहे, तेही फुकट नाही. पुढच्या शिमग्याला मूठभराची दोन मुठी परत करायची, असा लेकीशी त्यांचा करार झाला आहे, आणि लेकीने तो पुडीच्या मागे लिहून ठेवला आहे.