फोन काढून घेतला, पुढे काय?



पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांत डेंग्यू येतो. मी वॉर्डात सिस्टर असताना दरवर्षी हे बघितले आहे. मुलगा तापाने फणफणत येतो, सलाईन लागते, चार-पाच दिवसांत बरा होऊन घरी जातो. आणि पंधरा दिवसांनी त्याच घरातली बहीण त्याच तापाने येते. का? कारण ताप उतरला, पण घरातला पिंप तसाच राहिला. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आरोग्यसेविका सांगते, आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा. आता पुढचा प्रश्न विचारा. पाणी साठवावे का लागते? कारण नळ पहाटे तासभर येतो. म्हणजे ताप मुलाच्या अंगात, डास घरात आणि मूळ कारण नगरपालिकेच्या पाइपलाइनीत.

औषध लागतेच. पण नुसत्या औषधाने घरातला डेंग्यू थांबत नाही. एका दुखण्यामागे कोणकोणत्या गोष्टी एकमेकींना धरून उभ्या आहेत, ते बघण्याला इंग्रजीत सिस्टिम्स थिंकिंग म्हणतात. मी त्याला साधे 'साखळी बघणे' म्हणते. कारणाशिवाय काही घडत नाही, हे तर आपण विहारात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज हीच नजर आपल्या मुलांच्या हातातल्या फोनकडे वळवू.

एका घराची साखळी

मागे महिलांच्या बैठकीनंतर एक ताई थांबली. चार घरी धुणीभांडी करते. म्हणाली, "सिस्टर, पोरगं दहावीला आहे आणि फोन सोडत नाही. परवा हिसकावून घेतला तर जेवलाच नाही. दोन दिवस बोलला नाही. आता तुम्हीच सांगा, फोडून टाकू का?"

मी फोनबद्दल काही विचारले नाही. त्याचा दिवस कसा जातो ते विचारले आणि ती सांगेल तसे कागदावर लिहीत गेले.

घर दहा बाय बाराचे. संध्याकाळी आठ ते साडेदहा टीव्ही. वडील दुसऱ्या पाळीवरून साडेअकराला येतात, जेवतात, साडेबाराला दिवा बंद होतो. तोवर मुलाला शांत कोपरा नाही, म्हणून तो माळ्यावर बसतो. घरात फोन दोन. एक वडिलांसोबत कामावर, दुसरा दिवसभर आईकडे. तो मुलाच्या हातात पडतो रात्री साडेनऊला. नेट रोजच्या रोज मोजून मिळते. उरलेले रात्री बाराला वाया जाते आणि बारा वाजता नवे सुरू होते. मग कोण झोपेल? पहाटे पाचला नळ येतो, हंडे भरायला मुलालाच उठवतात. सातची शाळा. पहिल्या तासाला डुलकी लागते, सर वर्गाबाहेर उभे करतात. गणित मागे पडले आहे. विचारायची लाज वाटते. पूर्वी तो संध्याकाळी मैदानात कबड्डी खेळायचा, आता तिथे टेम्पो आणि रिक्षा उभ्या असतात.

मी सगळे बाणांनी जोडले. रात्री फोन, म्हणून झोप कमी. झोप कमी, म्हणून वर्गात पेंग. पेंग, म्हणून अभ्यास मागे. अभ्यास मागे, म्हणून घरी-शाळेत बोलणी. बोलणी खाऊन जीव विटला, म्हणून पुन्हा फोन. कागदावर एक गोल तयार झाला. ताई त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे पाण्याला मीच उठवते ना त्याला."

दोष कोणाचा, हे ठरवायला हा कागद नव्हता. तिचा दोष नव्हता, मुलाचाही नव्हता. पण ज्याला आपण 'पोराची वाईट सवय' म्हणत होतो, त्यात नळाची वेळ होती, पाळीची वेळ होती, रिचार्जचा हिशेब होता आणि गेलेले मैदान होते. फोन हा त्या गोलातला एक मणी होता.

शरीर काय सांगते

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज ८ ते १० तास झोप लागते. या मुलाला चार-साडेचार तास मिळत होती. वयात येताना शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकते, त्यामुळे या वयात रात्री झोप उशिरा लागते. हा आळस नाही. त्यात डोळ्यांसमोर स्क्रीनचा उजेड असला की मेंदूला वाटते अजून दिवस आहे, आणि झोप आणखी लांबते. अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते, लक्ष लागत नाही, वाचलेले डोक्यात टिकत नाही. आपण त्याला 'उर्मट झाला' म्हणतो.

कंपनीही या साखळीत आहे

आता फोनच्या आत बघू. सिनेमाला मध्यंतर असते, मालिका अर्ध्या तासाने संपते. रिल कधी संपत नाही. एक झाली की दुसरी आपोआप सुरू होते. प्रत्येक चांगली नसते, पण पुढची चांगली निघेल या आशेने बोट थांबत नाही. आपल्या नाक्यावर मटक्याचे आकडे लावणारी माणसे आठवा. आकडा रोज लागत नाही, म्हणूनच माणूस रोज लावतो. आपण जितका वेळ बघू तितक्या जाहिराती दिसतात आणि त्यावर कंपनी पैसे मिळवते. म्हणजे एका बाजूला पंधरा वर्षांचा पोरगा आणि दुसऱ्या बाजूला त्याला गुंतवून ठेवण्यासाठी पगार घेणारी शिकलेली माणसे. या लढतीत 'मनावर ताबा ठेव' एवढेच सांगणे पुरेसे नाही.

तरीही फोन विष नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ज्या घरात फोन नव्हता, त्या मुलाचा अभ्यास तुटला, हे आपण विसरलेलो नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. अवघड गणित समजावणारे व्हिडिओ त्यावरच आहेत. म्हणून फोन फोडायचा नाही, त्याची जागा ठरवायची.

मुलींची साखळी वेगळी असते

मुलगी वयात आली की तिचे बाहेर जाणे कमी होते. गल्लीत दिवा नाही, कोपऱ्यावर टोळके बसते, म्हणून आपण तिला घरात ठेवतो. मग बाहेरचे जग तिला फोनमधूनच दिसते. तिथे कोणी गोड बोलतो, फोटो मागतो आणि मग धमकी देतो. मुलगी आपल्याला का सांगत नाही? कारण आपण आधीच बजावलेले असते, "काही वेडंवाकडं दिसलं तर फोन काढून घेईन, शाळा बंद करीन." आपण तिच्या भल्यासाठी बोललो, पण त्याच वाक्याने तिच्या तोंडाला कुलूप लागले. धमकी देणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

म्हणून आजच घरी एक वाक्य बोला: "काहीही झालं तरी मला सांग. मी फोन काढून घेणार नाही, तुझ्यावर ओरडणार नाही, आपण दोघी मिळून बघू." आणि हा शब्द पाळा. कोणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका, संभाषण पुसू नका, धमकीचे स्क्रीनशॉट ठेवा, मुलीचा फोटो पुढे कोणालाही पाठवू नका आणि पोलिसांत जा. मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल तर पॉक्सो कायदा त्याच्या बाजूने आहे.

आपल्या मुलांचा आणखी एक घाव आहे. जयंतीचा फोटो टाकला, आरक्षणावर दोन ओळी लिहिल्या की खाली जातीवरून शिव्या येतात. पोरगा रात्री दोनपर्यंत एकटाच उत्तरे देत बसतो. आपल्याला वाटते खेळ खेळतोय. त्याला विचारा. शिव्यांचे स्क्रीनशॉट ठेव, तक्रारीचे बटण दाब, पण एकट्याने रात्री लढू नकोस, सकाळी आपण मोठ्यांसोबत बसून ठरवू, असे सांगा. स्वाभिमान सोडायचा नाही आणि झोपही सोडायची नाही.

कुठे हात घालायचा?

साखळीत दहा मणी असतील तर दहाही एकदम बदलता येत नाहीत. असा मणी शोधायचा जो आपल्या हातात आहे, ज्याला पैसे लागत नाहीत आणि जो हलला की बाकीचेही हलतात. त्या ताईच्या घरी तो मणी होता झोप.

आम्ही मुलाला घेऊन बसलो. पाण्याची पाळी वाटली: आठवड्यातून पाच दिवस आई आणि थोरली बहीण, सुट्टीच्या दिवशी मुलगा आणि वडील. त्याबदल्यात संध्याकाळचे किराणा-दळण त्याच्याकडे. आईने फोन साडेनऊऐवजी साडेसातला द्यायचा ठरवले, म्हणजे नेट वेळेत वापरले जाईल. सात ते नऊ तो विहाराच्या सभागृहात अभ्यासाला जाऊ लागला, तिथे आणखी चार मुले बसत होती. टीव्ही साडेनऊला बंद. साडेदहाला फोन आईच्या उशाशी चार्जिंगला, आणि वडील आल्यावर त्यांचाही तिथेच. बापाच्या हातात फोन असताना पोराला 'ठेव' म्हणून चालत नाही. हे कलम मुलानेच घातले.

महिन्यात सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. रविवारी तो अजून तासन्‌तास रिल बघतो. पण झोप सात तासांपर्यंत आली. वर्गात डुलक्या कमी झाल्या. रोजचे भांडण आठवड्यातून एकदा होऊ लागले. फोन तोच, मुलगा तोच. दोन-तीन मणी सरकले.

काही मणी मात्र एका घराच्या ताकदीचे नाहीत. मैदानातली वाहने, गल्लीतला दिवा, नळाची वेळ, शाळेत समुपदेशक नसणे. इथे वस्तीने एकत्र जावे लागते. संध्याकाळी पाच ते सात मैदान मोकळे ठेवा, असे रिक्षावाल्या दादांशी बसून ठरवता येते. ती आपलीच माणसे आहेत, त्यांचीही पोरे आहेत. दिव्यासाठी आणि पाण्यासाठी सह्यांचा अर्ज वॉर्ड ऑफिसात देता येतो. दिवा लागला तर मुली अभ्यासिकेतून निर्धास्त घरी येतील. हेही आरोग्याचेच काम आहे.

घरचा अभ्यास

या आठवड्यात एक कागद घ्या. पेन मुलाच्या हातात द्या. पाच प्रश्न विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.

१. तू किती वाजता झोपतोस, किती वाजता उठतोस?
२. फोन हातात कधी घ्यावासा वाटतो? कंटाळा आल्यावर, राग आल्यावर, की एकटे वाटल्यावर?
३. फोनमध्ये काय आवडते आणि काय बघून त्रास होतो?
४. फोन नसता तर त्या वेळी काय केले असतेस? ते करायला आज काय अडते?
५. आमच्या घरातली कोणती एक गोष्ट बदलली तर तुला बरे वाटेल?

उत्तरे बाणांनी जोडा. एकच मणी निवडा, पंधरा दिवस बदलून बघा, मग पुन्हा बसा. जमले नाही तर मुलाला बोल लावू नका, दुसरा मणी निवडा.

हे दिसले तर थांबू नका

जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. तेव्हा प्रत्येक दुखणे फोनचेच समजू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास असेल, जेवण-झोप बिघडली असेल, आवडीचा खेळ, मित्र सोडले असतील, अंगावर कापल्याच्या खुणा असतील, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असे बोलत असेल, तर सरळ आणि शांतपणे विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे होते. 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, घरातले उंदराचे औषध, फिनाईल, गोळ्या लांब ठेवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या.

हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा. टेली-मानस १४४१६: मनाच्या त्रासासाठी, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येते. चाइल्डलाइन १०९८: अठरा वर्षांखालील मुलांसाठी. फोनवरून पैशाची फसवणूक झाली तर १९३०. तातडीला ११२. अनेक ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री क्लिनिक' असते, तिथेही मोकळेपणाने बोलता येते. मानसिक त्रासासाठी डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. तापाला जातो तसेच जायचे.

पुढच्या बैठकीला आपापला कागद घेऊन या. दहा घरांचे कागद शेजारी ठेवले की आपल्याला दिसेल, कोणता मणी घराचा आहे आणि कोणता सगळ्या वस्तीचा. मग अर्ज कशासाठी लिहायचा, ते वेगळे ठरवावे लागणार नाही.