काटा, कॅमेरा आणि गाणे
(२०१० ते २०१९ या दशकाचा एक मागोवा)

द्वितीय वर्ष कला

आमच्या इतिहासाच्या पुस्तकांतील जग बहुधा सोव्हिएत संघाच्या विघटनापाशी येऊन थांबते. त्यानंतरचे जे काही आहे त्याला 'चालू घडामोडी' म्हणतात आणि ते स्पर्धा परीक्षेच्या मुलांकडे सोपवून आपण मोकळे होतो. परंतु २०१० ते २०१९ हे दशक संपूनही आता बराच काळ लोटला आहे. ते सुरू झाले तेव्हा मी अंगणवाडीत जात होते आणि संपले तेव्हा हायस्कुलात होते. जे दशक आपण जगलो पण ज्याचे आकलन आपल्याला त्या वेळी शक्य नव्हते, त्याकडे आता अभ्यासाच्या दृष्टीने पाहता येईल काय, असा प्रश्न मनात आला. प्रस्तुत लेख हा त्या दिशेने केलेला अल्पसा प्रयत्न होय. संपूर्ण दशकाचा आढावा घेणे माझ्या आवाक्यातले नाही. ज्या दोन-तीन गोष्टींनी मला अडवले, त्यांच्यापाशीच मी थांबले आहे.

या दशकाचा आरंभ, माझ्या मते, १७ डिसेंबर २०१० या दिवशी झाला. उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशिया या देशात सिदी बुझिद नावाचे गाव आहे. तेथे मोहंमद बुअझीझी हा २६ वर्षांचा तरुण हातगाडीवर फळे व भाजी विकीत असे. त्या दिवशी पालिकेच्या लोकांनी त्याचा माल व काटा जप्त केला. दाद मागण्यासाठी तो सरकारी कचेरीत गेला, परंतु कोणी भेट दिली नाही. तेव्हा त्याने कचेरीसमोरच स्वतःला पेटवून घेतले. ४ जानेवारी २०११ रोजी तो मरण पावला, आणि १४ जानेवारीस, २३ वर्षे सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले.

एवढे सर्वांना ठाऊक असते. मला अडवले ते त्यापुढच्या एका तपशिलाने. त्या काळातील अनेक बातम्यांत बुअझीझीचा उल्लेख 'बेकार पदवीधर' असा आढळतो. पदवी घेऊनही नोकरी न मिळाल्यामुळे त्याला भाजी विकावी लागली, असे जगाने वाचले आणि हळहळ व्यक्त केली. वस्तुतः तो पदवीधर नव्हता. त्याचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते. तो लहानपणापासून कामाला लागला होता, घर चालवीत होता आणि बहिणींच्या शिक्षणाचा भार उचलीत होता. एका महिला निरीक्षकाने त्याच्या थोबाडीत मारल्याची हकीगतही अशीच जगभर पसरली. एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने त्या बाईंना निर्दोष सोडले, पण ती बातमी फार थोड्यांपर्यंत पोचली.

जगाला तो पदवीधर का हवा होता? नुसत्या भाजीविक्याचे दुःख पुरेसे नव्हते काय? हा प्रश्न मी अलिप्तपणे विचारू शकत नाही, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. माझे वडील आणि मोठा भाऊ आठवडी बाजारात भाजी विकतात. भावाने दहावीनंतर शाळा सोडली आणि माझी फी आजही त्याच्या गाड्यावरूनच येते. तालुक्याच्या गावी एकदा आमचाही काटा उचलून नेला होता. दंड भरून तो परत मिळेपर्यंत तीन दिवस गेले आणि मेथीच्या जुड्या शेळ्यांना घालाव्या लागल्या. त्यामुळे ट्युनिशियाविषयी वाचताना माझे लक्ष क्रांतीपेक्षा काट्यावर अधिक राहते, हा माझ्या अभ्यासातील दोष समजावा.

मात्र गावातल्या गावात विरून जाणारी ही घटना जगापुढे आली कशी, हेही पाहणे आवश्यक आहे. बुअझीझीच्या आईने व नातलगांनी कचेरीसमोर निदर्शने केली, तेव्हा एका चुलतभावाने मोबाईलवर त्यांचे चित्रण करून ते फेसबुकवर टाकले. अल् जझीरा वाहिनीने ते दाखविले. ट्युनिशियाची सरकारी वाहिनी गप्प होती. याच सुमारास स्फॅक्स शहरातील एका विशीतल्या रॅप गायकाने, ज्याला लोक 'एल जनराल' म्हणून ओळखतात, थेट राष्ट्राध्यक्षांना उद्देशून एक गाणे रचून इंटरनेटवर प्रसृत केले होते. ते तरुणांच्या तोंडी बसले आणि ६ जानेवारी २०११ रोजी पोलिसांनी त्याला धरून नेले. शाहिराला सरकार का घाबरते, हे मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको.

या सगळ्यामुळे 'फेसबुक क्रांती' असा शब्द रूढ झाला. तो मला पटत नाही. इजिप्तमध्ये २५ जानेवारीस आंदोलन पेटल्यावर सरकारने इंटरनेट बंद करून टाकले, तरी कैरोच्या तहरीर चौकातील गर्दी वाढतच गेली आणि ११ फेब्रुवारीस होस्नी मुबारक यांना पायउतार व्हावे लागले. फोनने बातमी नेली. चौकात जाऊन उभे राहिली ती माणसे.

पुढे काय झाले ते दुःखद आहे आणि येथे थोडक्यात सांगते. लिबियात गद्दाफी मारला गेला, पण देश दुभंगला. सीरियात दरा गावच्या शाळकरी मुलांनी भिंतीवर लिहिलेल्या घोषणांवरून जे सुरू झाले, त्यातून लक्षावधी लोक देशोधडीला लागले. असद यांची राजवट कोसळली ती थेट डिसेंबर २०२४ मध्ये. ट्युनिशियाला २०१४ साली नवी राज्यघटना मिळाली आणि तेथील चार संघटनांच्या समूहाला २०१५ चे शांततेचे नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सईद यांनी संसद स्थगित केली. त्यांनीच पुढे क्रांतिदिन १४ जानेवारीवरून १७ डिसेंबरला नेला. काटा जप्त झाला तो दिवस आता सरकारी उत्सवाचा आहे.

आता थोडे गाण्यांविषयी. जुलै २०१२ मध्ये दक्षिण कोरियाच्या साय या गायकाचे 'गंगनम स्टाईल' आले आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिले गेलेले ते पहिले चित्रण ठरले. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबला आपला मोजणीचा आकडाच वाढवावा लागला, कारण जुनी व्यवस्था २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे मोजू शकत नव्हती. आमच्या गावच्या गणपती मिरवणुकीत तो घोडानाच मी सहा वर्षांची असताना नाचले आहे. सोलमधील गंगनम या श्रीमंत वस्तीच्या मिजाशीची ती थट्टा आहे, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. अर्थ न कळताही गाणे जगभर जाते, किंबहुना न कळल्यामुळेच जाते, असे वाटते.

याउलट 'सैराट'चे. २९ एप्रिल २०१६ रोजी तो प्रदर्शित झाला. अजय-अतुल यांच्या 'झिंगाट'वर माणसे थिएटरात खुर्च्या सोडून नाचली, आणि शेवटच्या दृश्यानंतर तीच माणसे खाली मान घालून बाहेर पडली. मी भावाच्या शेजारी बसले होते. त्या वयात मला शेवट पुरता समजला नाही, पण घरी जाताना कोणीच बोलत नव्हते, एवढे आठवते. त्यानंतरही लग्नाच्या वरातीत 'झिंगाट' वाजतच राहिले. नाच लक्षात ठेवायचा आणि शेवट विसरायचा, ही सोय आपण फार लवकर करून घेतली.

त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले, फुकट डेटा मिळू लागला आणि भावाच्या हाती पहिला स्मार्टफोन आला. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे व हजारच्या नोटा बाद झाल्या. पुढच्या बाजारी गिऱ्हाईक पाचशेची नोट पुढे करी, वडील मान हलवीत, आणि वांग्यांच्या पाट्या भरल्या तशा घरी परत येत. आज त्याच गाड्यावर काट्याशेजारी क्यूआर कोडचे खोके आहे आणि ते मोठ्या आवाजात रक्कम सांगते.

हा लेख लिहिताना बुअझीझीची हकीगत मी भावाला सांगितली. आदल्या रात्री त्याने माल उधारीवर उचलला होता, असेही वर्तमानपत्रांत आले होते, हेही सांगितले. तो टोमॅटो निवडत होता. मध्येच हात थांबवून म्हणाला, "उधारीचा माल आन् काटा बी नेला? मग संध्याकाळी व्यापारी दारात आला असता त्याच्या. तू ते सरकारचं लिहितीस, पर त्याला त्या संध्याकाळचं भ्या वाटलं असंल." मग त्याने मऊ पडलेले टोमॅटो वेगळ्या पाटीत टाकले आणि मला पिशव्या धरायला सांगितले.