ईशान्य धारेवरील दोन वसतिगृहवासी

एव्हरेस्टवर प्रथम कोण चढले, असे आम्ही एकदा नववीच्या वर्गात विचारले. हिलरी व तेनसिंग, १९५३, हे उत्तर सर्वांना येत होते. २५ मे २०१४ ही तारीख मात्र एकालाही ठाऊक नव्हती. निवासी शाळेतील मुलामुलींना ती ठाऊक नसावी, हा दोष आम्हा शिक्षकांचा. म्हणून हा पाठ.

त्या दिवशी सकाळी मालावत पूर्णा व साधनापल्ली आनंद कुमार यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवले. पूर्णा निजामाबाद जिल्ह्यातील पाकाला गावच्या शेतमजूर लंबाडा कुटुंबातील. वय तेरा वर्षे अकरा महिने. आनंद खम्मम जिल्ह्यातील दलित कुटुंबातला. दोघेही तत्कालीन आंध्र प्रदेशाच्या समाजकल्याण निवासी शाळांतील विद्यार्थी. निजामाबाद आपणांस परके नाही. तो जिल्हा व हिंगोली ज्यात मोडत असे तो परभणी जिल्हा हे दोन्ही एकाच निजामी राज्यात नांदले. तेथील लंबाडा व आपल्या तांड्यांवरील बंजारा एकच. सीमा ओलांडली की तेथली अनुसूचित जमात येथे विमुक्त जाती होते, एवढाच फरक.

नेपाळात सोळा वर्षांखालील मुलांना परवानगी नव्हती, म्हणून पूर्णेला तिबेटची बाजू घ्यावी लागली. त्या वाटेच्या पायथ्याशी रोंगबुकचा बौद्ध विहार आहे. पुढे हिमनदीवरून सुमारे ७००० मीटरवरील उत्तर खिंड, तेथून वर सुमारे ८३०० मीटरवर शेवटचा तळ आणि मग ईशान्य धार. आपले कळसूबाई १६४६ मीटर, हे ध्यानात ठेवून हे आकडे वाचावेत. धारेवर वाट अरुंद, खडक कौलांसारखे खाली उतरते, आणि एका हाताला हजारो फूट मोकळी पोकळी. शिखरावर प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश. तेथे दोर आधीच खडकात ठोकून ठेवलेला असतो. खुंटीपाशी एक कडी सोडण्यापूर्वी दुसरी पुढच्या दोरात अडकवावयाची. दोन्ही एकाच वेळी कधीही मोकळ्या करावयाच्या नाहीत. ८६०० मीटरच्या आसपास ‘दुसरी पायरी’ म्हणून ओळखला जाणारा उभा कडा लागतो. तेथे १९७५ साली चिनी पथकाने शिडी बसविली. १९२४ साली मॅलरी व आयर्विन याच धारेवर दिसेनासे झाले. मॅलरींचा देह सापडण्यास १९९९ साल उजाडले.

या मुलांना कोणी एकदम हिमालयात नेऊन सोडले नव्हते. भोनगीरच्या कातळावर शंभराहून अधिक विद्यार्थ्यांतून निवड झाली, नंतर दार्जिलिंग व लडाख येथे प्रशिक्षण. प्रवेशाची संधी मिळाली तर गुणवत्ता कोठून येते, या जुन्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस या चाळणीत दिसते. शिखरावर तिरंग्यासोबत बाबासाहेबांचे व निवासी शाळांसाठी झिजलेले सनदी अधिकारी एस. आर. शंकरन यांचे छायाचित्र त्यांनी धरले. पुढे मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थीही एव्हरेस्टवर पोहोचले, हे आपल्या वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच असेल.

हे सारे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, तो दोर आधी बांधतो कोण?” उत्तर द्यावयास आम्हांस थोडा वेळ लागला. तिबेटच्या बाजूस बहुधा तिबेटी, नेपाळच्या बाजूस शेर्पा. दोन्ही बहुतांशी बौद्ध, आणि दोघांचीही नावे पाठ्यपुस्तकांत क्वचितच. पूर्णेची मोहीम चालू असतानाच, १८ एप्रिल २०१४ रोजी, नेपाळच्या बाजूस खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ नेपाळी श्रमिक गेले. इतरांसाठी वाट तयार करण्याच्या व सामान वाहण्याच्या कामावर ते होते. त्या मुलीने वहीत शिखराची उंची लिहिली होती. तिच्या खाली तिने तो १६ चा आकडाही लिहून घेतला.