क्लबची फी भरली, आता पुढे काय?

परवाच्या व्हिडिओत नेटवर्किंगवर बोलताना सेवाभावी क्लबचा विषय मी घाईत उरकला. तो इथे नीट लिहितो. ट्रेनिंगला येणारे बरेच दुकानदार म्हणतात, "सर, वर्षभर रोटरीत आहे, लायन्समध्ये आहे, पण उपयोग काही नाही."

हेच मीही म्हणायचो. माझं स्टेशनरीचं दुकान. क्लबमध्ये गेलो तो सरळ धंद्यासाठी. दोन वर्षं मीटिंगला मागच्या रांगेत बसलो, वडा-चहा घेतला, कार्डं वाटली. त्यातून ऑर्डर आली शून्य. तिसऱ्या वर्षी फी भरायचीच नाही, असं ठरवलं होतं.

आमच्या सेक्रेटरी काकांना सांगितलं तर म्हणाले, "सोड की. पण त्याआधी रविवारी नेत्रशिबिराला नोंदणीच्या टेबलावर बस. माणूस कमी आहे."

बसलो. नाव, वय, गाव, फोन, शुगर आहे का, बीपी आहे का. मोतीबिंदू निघालेल्यांची वेगळी यादी केली, कारण त्यांना आठवड्याने बसने ऑपरेशनला न्यायचं होतं. फोन करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. एका आजींचा फोन लागेना, म्हणून रजिस्टर बघितलं तर नंबरला नऊच आकडे. अक्षर माझं! 'नंतर बघू' म्हणून मी ते पान उलटलं, आणि बस त्यांच्याशिवाय गेली. दुपारी मात्र दुकानात जीव रमेना. गाडी काढली, गावाच्या नावावर विचारत विचारत घर गाठलं. आजी ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी कपड्यांची पिशवी भरलेली. "फोन येईल म्हणालात ना," एवढंच बोलल्या. पुढच्या बॅचला त्यांना मी स्वतः नेऊन सोडलं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, काकांनी मीटिंगमध्ये सांगितलं, नऊ आकड्यांसकट. सहा महिन्यांनी क्लबमधल्याच एका संस्थाचालकांनी शाळेच्या वह्यांचं कोटेशन मागितलं. माझं कार्ड त्यांच्या ड्रॉवरमध्ये दोन वर्षं पडून होतं.

धंद्यासाठी आलो याची लाज बाळगू नका. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन जणांना घेऊन रोटरी सुरू केली, तेव्हा ओळखी वाढवणं आणि आपसात धंदा देणं हा उघड हेतू होता. आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात बसायचे, म्हणून नाव रोटरी. पुढे दोन-तीन वर्षांतच ते शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून खटपट करू लागले.

आता कामाचं. रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि कमिट्या त्याआधीच ठरतात. म्हणून मे महिन्यातच होणाऱ्या प्रेसिडेंटना भेटा. 'काही काम असेल तर सांगा' म्हणू नका, त्यावर कोणी काही सांगत नाही. 'शिबिराची नोंदणी मी बघतो' असं एका कामाचं नाव घ्या. हिशेबाचा हात असेल तर ट्रेझररला मदत करा, किराणावाले असाल तर शिबिराच्या जेवणाचं सामान अंगावर घ्या. मात्र माल तुमच्याच दुकानातून जाणार असेल तर आणखी दोन कोटेशन मागवा आणि निर्णयाच्या वेळी बाहेर बसा.

आणि एकच काम. मी पुढच्या वर्षी जोशात तीन कमिट्या घेतल्या. जूनमध्ये, ऐन वह्या-पुस्तकांच्या सीझनला, बायको एकटी गल्ल्यावर. ती म्हणाली, "समाजसेवा छान चाललीय तुमची. गिऱ्हाईक मी बघते." तेव्हापासून जूनमध्ये मी क्लबचं काही घेत नाही, आणि हे आधीच सांगून ठेवतो.

नोंदणीच्या टेबलाची माझी चेकलिस्ट पुढच्या व्हिडिओत दाखवेन. पहिलीच ओळ: फोन नंबर पेशंटला वाचून दाखवा, आकडे मोजा.