क्लाऊडची नवी सेवा : नमुना कोणता, पक्का माल कोणता?

कपड्याच्या धंद्यात एक गोष्ट दुकानातल्या नव्या पोरालाही ठाऊक असते. नव्या जातीचे कापड आले की आधी तुकडा धुऊन पाहायचा, उन्हात टाकायचा, रंग उतरतो का, कापड आटते का हे बघायचे आणि मगच ताग्यांची ऑर्डर द्यायची. नमुन्यावर भरवसा ठेवून ईदच्या हंगामाचा सगळा माल कोणी उचलत नाही. हिशेबाच्या बाबतीत मात्र आम्ही व्यापारी हा शहाणपणा विसरतो.

आज आमच्या पुष्कळ बंधूंची बिले, जीएसटीचा तपशील आणि उधारीची खाती 'क्लाऊड'वर असतात. क्लाऊड म्हणजे आकाशातली वस्तू नव्हे. एखाद्या बड्या कंपनीच्या कॉम्प्युटरांमध्ये आपण भाड्याने घेतलेली ती जागा आहे. आपण फोनवर खाते उघडतो तेव्हा ते तिथून येते. या कंपन्या नवी सेवा एकदम बाजारात सोडत नाहीत. तिचे टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्यावर नुकसानीची जबाबदारी वेगळ्या माणसावर पडते. आजचा धडा एवढाच आहे.

पहिला टप्पा घरातला. कंपनीचे लोक स्वतःच सेवा वापरून पाहतात. दुसरा टप्पा निवडक ग्राहकांचा. त्याला 'अल्फा' किंवा 'प्रायव्हेट प्रिव्ह्यू' म्हणतात. ज्यांना बोलावणे येते तेच वापरतात आणि दोष कळवतात. तिसरा टप्पा 'बीटा' किंवा 'पब्लिक प्रिव्ह्यू'. आता कोणीही वापरू शकतो, पुष्कळदा फुकट किंवा कमी भावात. परंतु हा अजून नमुनाच असतो. सेवा बंद पडली तर भरपाई नसते, मदतीची खात्री नसते, आणि कंपनी तिच्यात केव्हाही बदल करू शकते. चौथा टप्पा 'जनरल अव्हेलेबिलिटी', म्हणजे सर्वांसाठी पक्की विक्री. दोष काढून झाले, जास्त भार सोसतो हे पाहिले, सुरक्षा तपासली, मदत करणारी माणसे तयार झाली, म्हणजे कंपनी भाव ठरवते आणि बहुतेक वेळा लेखी हमी देते.

याची खरी उदाहरणे पाहू. अमेझॉनने भाड्याने कॉम्प्युटर देण्याची 'ईसी-२' ही सेवा ऑगस्ट २००६ मध्ये बीटा म्हणून, मोजक्याच ग्राहकांना दिली. बीटा हा शब्द ऑक्टोबर २००८ मध्ये निघाला, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाने. त्याच दिवशी ९९.९५ टक्के चालू राहण्याची लेखी हमी आली. वर्षाचा हिशेब केला तर सुमारे ४ तास २३ मिनिटांपेक्षा जास्त बंद राहिल्यास कंपनी बांधील. आणि गंमत अशी की, त्याच दिवशी त्याच सेवेत विंडोजवर चालणारा नवा भाग सुरू झाला, तो मात्र बीटा म्हणूनच. दुकान एक, परंतु एका फळीवर पक्का माल आणि शेजारच्या फळीवर नमुना. कंपनीचे नाव मोठे आहे म्हणून तिची प्रत्येक वस्तू पक्की समजू नये.

गूगलची जीमेल तर १ एप्रिल २००४ पासून जुलै २००९ पर्यंत, पाच वर्षांहून अधिक, बीटाच होती. करोडो लोक ती वापरत होते. पण बीटा असे लिहिलेल्या वस्तूवर आपला कारभार ठेवायला मोठे कारखानदार कचरत होते. म्हणून शेवटी गूगलने तो शब्द काढला. मोठे व्यापारी पाटी वाचतात, आम्ही वाचत नाही.

पक्की सेवा म्हणजे कायमची सेवा, असेही नव्हे. यंत्रांना इंटरनेटशी जोडणारी गूगलची 'आयओटी कोअर' सेवा २०१८ मध्ये पक्की जाहीर झाली आणि १६ ऑगस्ट २०२३ रोजी बंद झाली. मात्र ग्राहकांना एक वर्ष आधी कळवले होते, त्यामुळे सामान हलवायला वेळ मिळाला. प्रिव्ह्यूमधल्या सेवेला अशा मुदतीचे बंधन नसते. हमीची भरपाईसुद्धा बहुधा पुढच्या बिलात काही टक्के सूट एवढीच असते. तुमचे हंगामाचे नुकसान कोणी भरून देत नाही.

आम्ही स्वतः हा मार खाल्ला आहे. २०२२ साली रमजानच्या हंगामात एका हिशेबाच्या ॲपमध्ये उधारी फोनवरून टिपण्याची नवी सोय आली. नावापुढे बारीक अक्षरात 'बीटा' लिहिले होते. आम्ही तीन आठवड्यांची उधारी त्यात टाकली आणि वही बंद केली. एका रात्री कंपनीने काही बदल केला आणि सकाळी नावे एकीकडे, रकमा दुसरीकडे! तक्रार केली तर उत्तर आले की, सोय चाचणीची आहे, अटी वाचाव्यात. काही हिशेब बिलबुकावरून जुळवला. बाकीच्यांसाठी एकेका ग्राहकाच्या दारात जावे लागले. अल्लाहची कृपा की, बहुतेकांनी स्वतःहून खरी रक्कम सांगितली. पण दोन जुन्या घरांशी रकमेवरून जो दुरावा आला, तो अजून गेलेला नाही. पैसा परत कमावता येतो, नाते नाही.

पवित्र कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीची उधारी लिहून ठेवण्याचा आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याचा आदेश आहे. वही ही अमानत आहे. ती कच्च्या जागी ठेवणे हा आमचाच कसूर होता. हदीसमध्ये येते की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याला त्यांनी विचारले की, ओले धान्य वर का ठेवले नाही? ज्या कंपनीने 'प्रिव्ह्यू' असे स्पष्ट लिहिले, तिने ओले धान्य वर ठेवले. न वाचणारा ग्राहक चुकला. परंतु जो विक्रेता कच्ची सोय पक्की सांगून दुकानदाराच्या गळ्यात मारतो, तो ओले धान्य लपवतो.

म्हणून सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला हे पाच प्रश्न विचारावेत :

१) ही सोय प्रिव्ह्यू किंवा बीटा आहे, की सर्वांसाठी जाहीर झाली आहे?

२) बंद पडली तर लेखी हमी काय, भरपाई किती?

३) बंद करायची झाल्यास किती महिने आधी कळवणार?

४) माझा सगळा हिशेब मला माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेता येतो का?

५) आज फुकट असेल, तर पुढे भाव काय?

जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. ॲप नाहीसे झाले ही सबब तिथे चालत नाही.

नवी वस्तू वापरूच नये असे आमचे म्हणणे नाही. नमुना जरूर घ्यावा, धुऊन पाहावा. दोन-चार बिले टाकून बघावे, दोष कळवावेत. पण उधारीचे खाते पक्क्या मालावरच ठेवावे, आणि दर जुम्याला दुकान उघडण्यापूर्वी त्याची एक प्रत स्वतःजवळ उतरवून घ्यावी. आम्ही आता तसेच करतो. वहीसुद्धा पुन्हा गल्ल्यात ठेवली आहे.