गाडीची वही तू धर

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "ताई, सीझन आटोपला की तिन्ही गाड्या गॅरेजला लावू." तेव्हापासून मनात आहे की तुझ्याशी निवांत बोलावं. जावईबापू भाड्याच्या मागे असतात, ड्रायव्हर रस्त्यावर असतात. वरवट बकालला घरी बसून हिशोब तूच लिहितेस. म्हणून हे तुलाच सांगते.

गाडीचं काम सीझनच्या आधी करायचं असतं, नंतर नाही. कापूस निघायला लागला की गाडीला उसंत नसते. नेमकी तेव्हा ती शेगाव-खामगाव रस्त्यावर बसली, तर भाडं जातंच. वर मिस्त्रीला जागेवर न्यायचं, माल दुसऱ्या गाडीत टाकायचा आणि हमाली दोनदा द्यायची. शिवाय ज्याचा माल असतो तो व्यापारी पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन लावतो, आणि त्या नुकसानाचं बिल कुठे फाटत नाही.

सगळ्यात आधी पाण्याचं बघ. आपण खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यातलं, अकोला-अमरावती-बुलढाण्याचं हे खारं पाणी माणसाला सोसत नाही, किडनीच्या आजाराची धास्ती आपल्याकडे घरोघरी आहे. आणि तेच बोअरचं पाणी क्लीनर बादलीनं रेडिएटरमध्ये ओततो! आतल्या बारीक नळ्यांना क्षार धरतो, पाणी फिरत नाही, इंजिन तापतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की हेड गॅसकेट जातं आणि एका खेपेला सीझनभराची कमाई गॅरेजात जाते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही. प्रत्येक केबिनमध्ये त्याचा एक भरलेला कॅन ठेवायला लाव. बॅटरीतही डिस्टिल्डच. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कुणी उघडू नये, हे पोरांना बजावून सांग. वाफेनं तोंड भाजतं.

दुसरी गोष्ट युरियाची. तुमची नवी गाडी बीएस-६ आहे ना? १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना धुराचा हाच नियम लागू झाला. तिच्या डिझेलच्या टाकीजवळ निळ्या झाकणाची टाकी असते. ड्रायव्हर तिला युरियाची टाकी म्हणतात. घरात खताची गोणी पडलेली असते, कुणीतरी सुचवतं, "तेच पाण्यात कालवून टाकू, पैसे वाचतील." बाई, हे अजिबात होऊ देऊ नकोस. त्या टाकीतल्या द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी असतं. खताच्या युरियावर तर २०१५ पासून सरसकट कडुनिंबाचा लेप आहे, शिवाय त्यात दुसरी अशुद्ध द्रव्यं असतात. त्यानं नोझल तुंबतं, सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग निकामी होतो. तो बदलायचा खर्च ऐकलास तर झोप उडेल. सवलतीचं खत असं वापरणं कायद्यानंही गुन्हा आहे. सीलबंद कॅनच घे आणि तो उन्हात ठेवू नकोस, उष्णतेनं ते द्रावण खराब होतं.

सुट्या कापसाच्या गाडीची मला खरी भीती वाटते. वायर सोललेली असेल, सायलेन्सरचा जोड सुटलेला असेल, ताडपत्री त्यावर लोंबत असेल, तर एक ठिणगी पुरे. मळ्याकडे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, ते वरून दिसत नाही. म्हणून सीझनआधी इलेक्ट्रिशियनला पूर्ण वायरिंग उघडून बघायला लाव. केबिनमधल्या आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, तेही बघ. तेवढं बघायला मिस्त्री लागत नाही.

गाडी जळगाव जामोदवरून बऱ्हाणपूरकडे सातपुड्याच्या घाटात जाणार असेल, तर ब्रेकचे लायनर तपासल्याशिवाय सोडू नकोस. हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढलं पाहिजे, नाहीतर ब्रेक दगा देतो. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे असतात. तसं वाचलेलं डिझेल आपल्याला नको, हे स्पष्ट सांग. हवा सकाळी टायर थंड असतानाच मोजावी, जोडीचे दोन्ही टायर सारख्या उंचीचे असावेत आणि पुढच्या चाकाला रिमोल्ड लावू नये. टायर बदलल्यावर थोडं अंतर चालून नट पुन्हा आवळायचे असतात. तो भाग हमखास विसरला जातो.

ऑइलचं गणित कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे कर, पण नुसत्या किलोमीटरवर जाऊ नकोस. जिनिंगच्या रांगेत गाडी तासन्‌तास पुढे-पुढे सरकत असते, मीटर हलत नाही आणि इंजिन मात्र चालू असतं.

पण अगं, यातलं काहीही नीट होणार नाही, जोवर ड्रायव्हरभाऊ खरं बोलणार नाहीत. हबचा आवाज, स्टिअरिंगची ओढ त्यांना सगळ्यात आधी कळते, आणि ते गप्प बसतात. "तूच मोडलं" म्हणून पगार कापतील ही भीती असते. आपल्या एसटीकडे बघ. १ जून १९४८ पासून चालणारी संस्था. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरला हिंगण्यात तिच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. पण रोजचं काम आगारात होतं, आणि गाडी आगारात आली की चालक तिची तक्रार लिहून देतो. शेगाव, जळगाव जामोदच्या आगारात जाऊन बघून ये. एवढा पसारा आपल्याकडे नाही, पण वही आहे. प्रत्येक गाडीची वेगळी वही कर. आलेल्या ड्रायव्हरला चहा देताना विचार, "भाऊ, गाडी काय म्हणते?" सांगेल ते त्याच्यासमोर लिही. आणि जो सांगेल त्याचा रुपयाही कापू देऊ नकोस, घरात वाद झाला तरी चालेल.

त्याच वहीत पासिंगची तारीख लिही. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. जुनी गाडी आता वर्षाला आली असेल, तपास. फिटनेस संपलेल्या गाडीचा अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात, आणि तेव्हा नवऱ्याला बोलून काही उपयोग नसतो. प्रत्येक भाड्यातून देखभालीचे पैसे आधी बाजूला काढ, हप्ता-घरखर्च त्यानंतर.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालाल, त्याच्या आधी तिन्ही गाड्या एकेक करून गॅरेजातून निघालेल्या हव्यात. पोळा झाला की जुनी गाडी पहिली पाठव. मिस्त्रीला तारीख आजच सांगून ठेव, सीझन तोंडावर आला की त्याच्याकडेही रांग लागते.